बिर्याणीतलं लॅटिन आणि घरातलं विशेषण

माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे. मागच्या रमजान ईदच्या आदल्या रात्री ती स्वयंपाकघरात जीवशास्त्राची वही घेऊन बसली होती. अम्मी दुसऱ्या दिवशीच्या बिर्याणीची तयारी करत होती. मुलीने विचारलं, "अब्बू, तांदूळ ओरायझा सटायव्हा, लसूण एलियम सटायव्हम आणि केशर क्रोकस सटायव्हस. तिघांचं आडनाव एक, पण शेवट वेगवेगळा. असं का?"

उर्दू-मराठी शिकवणाऱ्या बापाला असा प्रश्न म्हणजे पर्वणीच. थोडं वाचून मी तिला सांगितलं की ते आडनाव नाही, विशेषण आहे. अर्थ 'पेरलेलं, लागवडीचं'. लॅटिनमध्ये मराठीसारखीच तीन लिंगं. क्रोकस पुल्लिंगी, ओरायझा स्त्रीलिंगी, एलियम नपुंसकलिंगी. म्हणून विशेषणाचा शेवट बदलतो. आपण नाही का म्हणत, चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं मूल? उर्दूत लिंगं दोनच. अच्छा आणि अच्छी. आणि लिंग वस्तूला नसतं, शब्दाला असतं. केशर लॅटिनमध्ये 'तो', आपल्याकडे 'ते'.

वर्गात मी नेहमी सांगतो की विशेषण नामाच्या मागे चालतं. नाम बदललं की त्याने आपला शेवट बदलायचा. त्या रात्री हे वाक्य बोलताना समोर कांदा चिरणाऱ्या बायकोकडे लक्ष गेलं आणि मी जरा अडखळलो.

कारण आपल्या समाजात लग्न झालेल्या मुलीकडून आपण हेच मागतो. नवरा नाम, ती विशेषण. तो मौलवी असेल तर तिने तसं व्हावं, तो साहेब असेल तर तसं. या जुळवून घेण्यालाच आपण 'लग्नानंतर मुलगी शहाणी झाली' म्हणतो.

जुन्या कादंबऱ्यांतही हा प्रश्न आहे. डेप्युटी नजीर अहमद यांची 'मिरातुल उरूस' 1869 ची. उर्दूच्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांत तिचं नाव पहिलं घेतात. सरकारने तिला हजार रुपयांचं बक्षीस दिलं होतं. त्यात दोन बहिणी, अकबरी आणि असगरी. अकबरी फूहड, असगरी सुघड. असगरी सासरचं घर सावरते, नवऱ्याला मार्गी लावते, मोहल्ल्यातल्या मुलींना शिकवते. मला असगरीबद्दल आदर आहे. पण एक गोष्ट खटकते. ती वाढत नाही, कारण ती पहिल्या पानापासून पूर्णच आहे. तिच्यामुळे बाकी सगळे सुधारतात. तिला स्वतःला काय हवं होतं, हे कोणी विचारत नाही.

त्यानंतर दोनच वर्षांनी, 1871 मध्ये, इंग्लंडमध्ये 'मिडलमार्च' भागाभागाने छापून येऊ लागली. लेखिका मेरी अ‍ॅन इव्हान्स, पण पुस्तकावर नाव पुरुषाचं, जॉर्ज एलियट. नायिका डोरोथिया विशीच्या आतली. ती पंचेचाळिशी उलटलेल्या कॅसॉबन नावाच्या विद्वानाशी लग्न करते. पैशासाठी नाही, ज्ञानासाठी. लॅटिन आणि ग्रीक आले तर जग कळेल, असं तिला वाटतं. पण बायको शिकेल तर काय होईल, यापेक्षा बायको शिकली तर मला वाचून दाखवायला उपयोगी पडेल, इतकाच त्या विद्वानाचा विचार. तो तिला ग्रीक मुळाक्षरं शिकवतो. त्याचा स्वतःचा मोठा ग्रंथ कधीच पुरा होत नाही, आणि आपल्यामागे ती टाचणं तिने आयुष्यभर निस्तरावीत अशी त्याची अपेक्षा असते. मरताना मृत्युपत्रात अट घालून जातो की अमुक माणसाशी लग्न केलंस तर माझी मालमत्ता मिळणार नाही. डोरोथिया ती मालमत्ता सोडते, त्याच माणसाशी लग्न करते आणि स्वतःच्या उत्पन्नावर राहते.

ती वाढते ती लग्नामुळे नाही. त्या लग्नात जे सोसलं, त्यावर विचार केला म्हणून वाढते. आणि जिची नायिका लॅटिनसाठी झुरते, त्या लेखिकेने स्वतः स्पिनोझाचा 'एथिक्स' हा ग्रंथ लॅटिनमधून इंग्रजीत आणला होता. दार उघडं असेल तर बाई कुठवर जाते, हे तिला ठाऊक होतं.

आता माझा कबुलीजबाब. निकाहाच्या वेळी बायको बारावी पास होती. 'पुढे शिकवू' असं आमच्याकडून तोंडी सांगितलं गेलं होतं. मग मी बीएड केलं. माझ्या पाठ टाचणाच्या वह्या तिने सुंदर उर्दू अक्षरात उतरवून दिल्या, तक्ते रंगवले, मुलं सांभाळली. तिचं शिक्षण 'पुढे' या शब्दातच राहिलं. डोरोथियाची गोष्ट मी तिला सांगितली तेव्हा ती हसून म्हणाली, "उसको तो मालूम था क्या पढ़ना है. मेरे को तो किसीने पूछाच नहीं."

मी गप्प बसलो. वय माझंही पंचेचाळीसच्या आसपास आहे.

लॅटिनचा आणखी एक नियम मला तेव्हा आठवला. आग्रिकोला म्हणजे शेतकरी. हा शब्द दिसतो स्त्रीलिंगी, पण आहे पुल्लिंगी. म्हणून चांगला शेतकरी म्हणजे 'आग्रिकोला बोनुस', 'बोना' नव्हे. दोघांचे शेवट जुळत नाहीत, तरी मेळ पक्का असतो. मेळ म्हणजे सारखं दिसणं नव्हे. नवरा-बायकोचंही तसंच असावं. आणि कुरआनात सूरह अल-अहजाबची 35 वी आयत पाहा. दहा गुण सांगितलेत, आणि प्रत्येक गुण पुरुषांसाठी वेगळा आणि स्त्रियांसाठी वेगळा उच्चारलाय. अल्लाहपुढे ती कोणाच्या मागे उभी नाही, स्वतःच्या नावाने उभी आहे.

इंग्लंडमध्ये विवाहित बाईला मालमत्तेचा पुरेसा हक्क 1882 च्या कायद्याने मिळाला. आपल्याकडे महर तिचा, तिची मालमत्ता तिची, हे आधीपासून आहे. निकाह हा करार आहे आणि करारात अटी लिहिता येतात. मग दावतीच्या मेन्यूवर दोन महिने चर्चा करणारे आपण, 'मुलगी शिक्षण पूर्ण करेल' ही एक ओळ निकाहनाम्यात का लिहून घेत नाही? तोंडी 'पुढे' चं काय होतं, ते माझ्या घरात बघा. आणि लिहिण्याआधी मुलीला विचारा, तिला काय शिकायचंय ते.

मुक्त विद्यापीठाचा बीएचा फॉर्म बायकोने यंदा भरला. विषय तिने निवडले. पाठ टाचणाच्या वह्या आता मी उतरवून देणार आहे, माझं अक्षर तिच्याइतकं चांगलं नसलं तरी.