बांधकामावरचं पाळणाघर

दिवाळीत कंपन्यांकडून बालगृहांत, वृद्धाश्रमांत फराळ पोचतो, मुलांना नवे कपडे मिळतात. त्यामागची आपुलकी खरी असते. पण संस्थेला सोबती हवा असतो तो वर्षभराचा. तो जोडायचा कसा, या प्रश्नातून यंदाचा अंक आकाराला आला.

1969 साली दिल्लीत गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचं बांधकाम चालू होतं. मजूर बायांची तान्ही मुलं तिथे धुळीत, उन्हात पडलेली मीरा महादेवन यांनी पाहिली आणि तिथेच पाळणाघर सुरू केलं. ‘मोबाइल क्रेशेस’ या संस्थेचा हा आरंभ. 1972 मध्ये हे काम मुंबईतही सुरू झालं. जिथे इमारत उभी राहते तिथे पाळणाघर. काम संपून मजूर हलले की पाळणाघरही पुढच्या साइटवर. बिल्डरने खोली, पाणी, वीज आणि खर्चातला वाटा द्यायचा; मुलांचं खाणंपिणं, औषधपाणी, बालवाडी संस्थेने पाहायची.

या भागीदारीत संस्था बिल्डरकडे जाते ती त्याच्याच साइटवरची मुलं दाखवत. मूल सुरक्षित असलं की आईचा जीव कामात लागतो आणि सळयांच्या ढिगाऱ्यात मूल सापडण्याची धास्तीही उरत नाही, हे मुकादमालाही पटतं. पुढे 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया कामाला असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोलीची सोय बंधनकारक केली. जबाबदारी बिल्डरवर आली. ती पार पाडण्याचा अनुभव संस्थेकडे आधीपासून होता.

आज संस्थांचं सारं लक्ष सीएसआरकडे, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीकडे असतं. कंपनी कायद्याच्या कलम 135 नुसार ठरावीक आकारमानाच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. ही तरतूद 1 एप्रिल 2014 पासून लागू आहे. मात्र दुसऱ्या कायद्याने अंगावर आलेलं काम त्यात धरता येत नाही. म्हणजे बंधनकारक पाळणाघराचा पैसा बिल्डरने साइटच्या अंदाजपत्रकातूनच काढायला हवा. मला तोच पैसा जास्त भरवशाचा वाटतो. सीएसआर पाहणारा अधिकारी बदलला की विषय बदलू शकतो. सिमेंट-सळईच्या हिशेबात शिरलेली पाळणाघराची ओळ सहजी खोडली जात नाही. म्हणून अर्ज लिहिण्याआधी संस्थेने कंपनीचा धंदा समजून घ्यावा. तिचा माल कुठून येतो, ठेकेदाराची माणसं कुठे राहतात, त्यांची मुलं दिवसभर काय करतात, हे आधी पाहावं.

सीएसआरचा पैसा घ्यायचाच असेल, तर एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. प्रशासकीय खर्चावरची 5 टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभारासाठी आहे. ती पुढे करून संस्थेच्या कार्यकर्त्यांचे पगार कापणं चूक आहे. पाळणाघरात मुलं सांभाळणारी ताई म्हणजेच प्रकल्प; तिचा पगार वरखर्चात मोडत नाही.

आणि कंपन्यांना आग्रहाची विनंती: नियमांप्रमाणे दीर्घ मुदतीचा प्रकल्प सुरुवातीच्या वर्षानंतर आणखी तीन वर्षं चालवता येतो. ही मुभा पुरेपूर वापरा. दर मार्चअखेर करार संपला, तर त्या ताईला एप्रिलचा पगार कोण देणार, याचं उत्तर करारावर सही करतानाच द्या.