डीपीएफचे आकडे ड्रायव्हरलाही दिसू द्या

पहाटे मार्केट यार्डात भाजी भरायची, बिबवेवाडी, धनकवडी, कात्रज असं करत दुकानादुकानांत उतरवायची आणि दुपारच्या आत गाडी परत लावायची, हा पुण्यातल्या कितीतरी डिझेल पिकअपचा दिनक्रम. इंजिन धड तापायच्या आत बंद होतं, पाच मिनिटांनी पुन्हा सुरू होतं. मग कधीतरी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. उभ्या गाडीचा आरपीएम आपोआप चढतो, रेडिएटरचा पंखा थांबायचं नाव घेत नाही, ॲव्हरेज पडतं. सर्व्हिस सेंटरचा सल्ला ठरलेला असतो: हायवेला काढा, वीस मिनिटं ताणा. दिवा जातो आणि आठवड्याभरात परत येतो.

सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषण मानक लागू झालं आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या लाइनीत डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी सिरॅमिकची जाळी, सर्रास दिसू लागली. डिझेल कारला बीएस-४ मध्ये किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम सूक्ष्म कण सोडायची मुभा होती, ती ४.५ वर आली. जाळीत साठलेली काजळी लांबच्या, भरल्या गाडीच्या प्रवासात एक्झॉस्टच्या उष्णतेनेच बरीचशी जळून जाते. तसा प्रवास घडला नाही की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, जादा डिझेल सोडून जाळीचं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेतो. हेच रिजनरेशन, गॅरेजच्या भाषेत ‘रिजन’. धडधाकट गाडीला ते काहीशे किलोमीटरांतून एकदा लागतं. शंभराच्या आतच पुन्हा पुन्हा लागत असेल, आणि गाडी हायवेला चालूनही लागत असेल, तर दुखणं बहुधा जाळीत नसून तिच्या अलीकडे असतं.

सगळ्यात स्वस्त संशयितापासून सुरुवात करावी. बहुतेक गाड्यांत जाळीच्या आधी आणि नंतर अशा दोन बारीक नळ्या निघतात आणि एका छोट्या सेन्सरला जाऊन मिळतात. दोन्हीकडच्या दाबातल्या फरकावरून जाळी किती तुंबली याचा अंदाज ईसीयू बांधतो. उष्णतेने रबरी नळी चिरली किंवा आत पाणी-काजळीचा लगदा अडकला, की सेन्सर खोटं सांगू लागतो. इंजिन बंद ठेवून फक्त चावी ऑन केली तर एक्झॉस्टमध्ये प्रवाहच नसतो, त्यामुळे स्कॅनरवर हा फरक शून्याच्या जवळ दिसायला हवा. तसा दिसत नसेल, तर जाळीचं कोटेशन मागण्याआधी नळ्या आणि सेन्सर बघावा. ही तपासणी पाच मिनिटांची, आणि तरीही ती वगळून थेट नव्या डीपीएफचा आकडा ग्राहकापुढे ठेवला जातो, हे चीड आणणारं आहे.

सेन्सर खरं बोलत असेल तर काजळी खरोखरच जास्त येते आहे. गळका इंजेक्टर, अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह, चोंदलेला एअर फिल्टर, इंटरकूलरची फाटलेली होज, तेल सोडणारा टर्बो, यांपैकी कुणीही दोषी असू शकतं. थर्मोस्टॅट तर हटकून विसरला जातो. तो उघडा अडकला की इंजिन गारच राहतं, काजळी जास्त करतं आणि रिजनही नीट पुरं होत नाही. टेम्परेचरचा काटा नेहमीपेक्षा खाली राहतो, ही त्याची खूण.

ऑइलची गोष्ट वेगळी. काजळी जळते, ऑइलमधल्या रसायनांची राख जळत नाही, ती जाळीत कायमची बसते. म्हणून कमी राखेचं, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल लागतं. शिवाय अर्धवट सुटलेल्या रिजनमधलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवरची पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नये, ऑइल पातळ झालंय.

या कशाचाही शोध न घेता स्कॅनरवरून जबरदस्तीने मारलेलं फोर्स रिजन म्हणजे निदानाशिवाय दिलेली तापाची गोळी. दोन-तीनदा असे पैसे गेले की वैतागलेला मालक ‘डीपीएफ उडवून देतो’ म्हणणाऱ्या गॅरेजात पोहोचतो. हा माणूस मुळात प्रदूषणाचा शौकीन नसतो. पण परिणाम गंभीर आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, म्हणजे ईपीएने, २०२० मध्ये अंदाज मांडला की तिथे दशकभरात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपची प्रदूषण-नियंत्रण यंत्रणा काढून टाकली गेली. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केलं आहे. आपल्याकडे असे बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला मोटार वाहन कायद्यात दंड आणि कैदही आहे, पण पकडणार कसं? पीयूसीवाला ॲक्सिलरेटर दाबून धुराची घनता मोजतो, तेवढ्यावरून जाळी काढल्याचं कळेलच असं नाही. नेदरलँड्समध्ये १ जानेवारी २०२३ पासून डीपीएफवाल्या डिझेल गाड्यांच्या तपासणीत कणच मोजले जातात, आणि जाळी फुटलेली किंवा काढलेली असली तर ती तिथे उघडी पडते. आपल्याकडेही ही तपासणी यायला हवी.

मात्र नुसता दंडुका नको. फोर्ड आणि रॅमच्या काही मोठ्या डिझेल पिकअपमध्ये फिल्टर किती टक्के भरला, हे चालकाला समोरच्या स्क्रीनवर पाहता येतं. आपल्याकडच्या मालवाहू पिकअपवाल्याच्या वाट्याला अनेकदा नुसता दिवा येतो, तोही पाणी गळ्याशी आल्यावर. ईसीयूला तर सगळं ठाऊक असतं. टक्केवारी दाखवायला नवं यंत्र लागत नाही, कंपन्यांची तयारी लागते. तोवर मालकांनी जॉबकार्डवर काजळीचं प्रमाण, राखेचं प्रमाण, शेवटच्या रिजननंतरचे किलोमीटर आणि इंजिन बंद असतानाचा दाबाचा फरक, एवढं लिहून मागावं. स्कॅनर तसाही गाडीला जोडलेलाच असतो.