शपथ कोणाची?

फराळाच्या ताटात राजकारणाचे कारले कशाला, असे वाचक म्हणतील. परंतु 'आणीबाणीच्या वेळी लोकप्रतिनिधीने तोंड मिटून बसावे' हे शहाणपण इतके स्वस्त झाले आहे, की त्याचा समाचार सणासुदीलाही घेतला पाहिजे.

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात १९६५ साली ज्युलियन बाँड हा पंचविशीतला कृष्णवर्णीय तरुण विधानसभेवर निवडून आला. त्याच्या संघटनेने व्हिएतनामच्या युद्धाचा निषेध करणारे पत्रक काढले, आणि ते आपल्याला मान्य आहे, असे याने सांगितले. झाले! १० जानेवारी १९६६ रोजी सभागृहाने १८४ विरुद्ध १२ मतांनी त्याला दारातच अडवले. अशा माणसाची घटनेवरील निष्ठा खरी कशी मानावी, हा त्यांचा सवाल. वास्तविक तो शपथ घ्यायला तयार होता. सैन्यभरतीचे कार्ड जाळणाऱ्यांच्या धैर्याचे त्याला कौतुक होते, पण त्याचे स्वतःचे कार्ड खिशात शाबूत होते.

मी मुलांना नागरिकशास्त्र शिकवतो. वर्गाने निवडलेल्या मॉनिटरला हेडमास्तरांनी बाहेर उभे केले, तर शिक्षा एकट्या मॉनिटरला होत नाही, साऱ्या वर्गाला होते. बाँडच्या मतदारांना हे नेमके कळले. फेब्रुवारीतल्या पोटनिवडणुकीत त्यांनी पुन्हा त्यालाच निवडले, नोव्हेंबरात तिसऱ्यांदा निवडले. अखेर ५ डिसेंबर १९६६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याच्या बाजूने निकाल दिला. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी बजावले, की वादग्रस्त प्रश्नांवर आपले मत उघड करणे हे प्रतिनिधीचे कर्तव्यच आहे. त्याशिवाय मतदारांना त्याची पारख कशी व्हावी?

"पण युद्ध चालू असताना?" असे कोणी म्हणतोच. मी विचारतो, मग केव्हा? युद्ध संपल्यावर? रणांगणावर मुलगा गेला त्या आईला तेव्हाच्या भाषणाचा काय उपयोग? शपथ राज्यघटनेची असते, सरकारच्या धोरणाची नव्हे. दोन्ही एकच मानणे म्हणजे पुजाऱ्यालाच देव समजणे!

बाँड पुढे वीस वर्षे विधिमंडळात बसला. १९८६ साली अमेरिकन काँग्रेसच्या उमेदवारीत जुना सहकारी जॉन लुइस याच्याकडून हरला. त्याहून मोठे पद त्याला निवडणुकीने दिले नाही. म्हणून त्याची कारकीर्द लहान म्हणायची काय? मला तसे वाटत नाही. त्या १८४ जणांनी खुर्ची सांभाळली. याने खुर्चीचा अर्थ सांभाळला.

तेव्हा पुढच्या खेपेला कोणी हात जोडून मत मागायला आला, तर रस्ते आणि नळ यांची चौकशी जरूर करा. पण एवढेही विचारा: "आमच्यासाठी बोलताना तुम्ही कधी एकटे पडला होता काय?"