आधी वजन विचारा, मग कंपनी

मध्य प्रदेशातल्या गंधवानी-मनावर रस्त्यावर माझा वजनकाटा आहे. मका, कापूस, सोयाबीन, गिट्टी, सगळं त्यावरून जातं. गाडी आधी रिकामी चढते, मग भरून, आणि दोन्ही आकडे पावतीवर येतात. म्हणून शेजारच्या टपरीवर ‘महिंद्रा चांगली की टाटा, आयशर दणकट की लेलँड’ हा वाद रंगला की मी एवढंच विचारतो, ‘किती टनांत?’

हा प्रश्न विचारल्याशिवाय ट्रकची तुलना होऊच शकत नाही. अमेरिकेत पिकअपचं वेड आपल्यापेक्षा मोठं. माझा पुतण्या ह्यूस्टनला असतो, त्याच्याकडे फोर्डची एफ-150 आहे. त्याने दाराच्या चौकटीवरच्या पट्टीचा फोटो पाठवला होता. गाडी, माल आणि माणसं मिळून जास्तीत जास्त किती वजन चालेल, ते तिथे छापलेलं असतं. त्याच आकड्यावर तिथले आठ वर्ग ठरतात. 6,000 पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे 2,720 किलोपर्यंत पहिला, 10,000 पौंडांपर्यंत दुसरा, असं करत 33,000 पौंडांच्या वर, आपल्या हिशेबाने पंधरा टनांपुढे, आठवा. फोर्डच्या 150, 250, 350 किंवा शेवरले आणि रॅमच्या 1500, 2500, 3500 या आकड्यांवरून गाडी साधारण कोणत्या ताकदीची ते कळतं. 1500 ची बरोबरी 1500 शीच लावायची, 3500 शी नाही.

वर चढत गेलं की कंपन्याही बदलतात. पिकअपमध्ये फोर्डचा दबदबा कितीही असो, अवजड ट्रकचा धंदा तिने 1997 मध्ये फ्राइटलायनरला विकला. आज तिकडे लांब पल्ल्याचे ट्रेलर ओढतात ते फ्राइटलायनर, केनवर्थ, पीटरबिल्ट, इंटरनॅशनल, मॅक. त्यातली मॅक व्होल्वोची, आणि हीच व्होल्वो 2008 पासून आमच्या धार जिल्ह्यात, पीथमपूरला, आयशरची भागीदार आहे.

आपल्याकडे तरी वेगळं काय झालं? पिकअपमध्ये महिंद्राला तोड नाही, हे मी रोज काट्यावर बघतो. पण याच महिंद्राने 2005 मध्ये अमेरिकेच्या नेव्हिस्टारबरोबर मोठ्या ट्रकमध्ये हात घातला, चाकणला गाड्या बनवल्या, आणि 2012 च्या शेवटी नेव्हिस्टारने अंग काढून घेतलं. दहा टायर, बारा टायरमध्ये आजही नाव टाटा आणि लेलँडचं. उलट 407 सारखी गाडी देणाऱ्या टाटाने 2005 मध्ये ‘छोटा हाथी’ ही छोटी मालवाहू गाडी आणून खालची बाजूही काबीज केली. एका वर्गातली पुण्याई दुसऱ्या वर्गात आपोआप चालत नाही. गाडी घेताना शेतकऱ्याने हे लक्षात ठेवावं, नुसत्या नावावर कर्ज काढू नये.

माझी खरी तळमळ मात्र पिकअपची आहे. आपल्या कायद्यात साडेतीन टनांपर्यंतची मालवाहू गाडी एन-1 या वर्गात येते. म्हणजे गाडी आणि माल धरून साडेतीन टन. माझ्या काट्यावर याच वर्गातली गाडी पाच टनांच्या आसपास भरते. मागे जाऊन बघितलं की कारण दिसतं: कमानीला वरून आणखी पाटे चढवलेले असतात. पाटे वाढवले की गाडी बसत नाही, म्हणून मालकाला वाटतं ताकद वाढली. पण ब्रेक तेच, धुरा तोच, टायर तेच. गणपती घाटात ब्रेक निकामी होऊन काय होतं ते या जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको.

आणि त्याच पिकअपच्या हौद्यात माणसं उभी असतात. भगोरियाच्या जत्रेला, लग्नाला, गुजरातेत मजुरीला जाताना. पोतं वळणावर जागेवर राहतं, उभी माणसं एका अंगाला जातात आणि सगळा भार वरच्या वर सरकतो. फेब्रुवारी 2024 मध्ये आमच्याच राज्यातल्या दिंडोरीत पिकअप उलटून 14 जण गेले. त्याच वर्षी मे महिन्यात छत्तीसगडच्या कवर्ध्यात तेंदूपत्ता गोळा करून परतणारे 19 जण गेले, त्यात बहुतेक बायका. ड्रायव्हरला शिव्या देऊन यातलं काही सुटत नाही. मध्य प्रदेशचं सरकारी बस महामंडळ 2005 मध्ये बंद करायचा निर्णय झाला आणि आतल्या पाड्यांना पर्याय उरला तो ‘तूफान’ जीपचा किंवा पिकअपच्या हौद्याचा. बाईमाणसाने लेकरू कडेवर घेऊन संध्याकाळी घरी जायचं कशाने?

याच जिल्ह्याच्या एका टोकाला, पीथमपूरला, फोर्स कंपनी ट्रॅव्हलर बनवते आणि आयशर ट्रक बनवते. दुसऱ्या टोकाला गंधवानीत माणूस मालवाहू गाडीत उभा राहून प्रवास करतो. हे मला सहन होत नाही. 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुगम परिवहन या बससेवेला मान्यता दिली, तिचं मी मनापासून स्वागत करतो. पण गंधवानी-जीराबादसारख्या रस्त्यांवर पन्नास आसनांची बस टाकून ती अर्धी रिकामी पळवली, तर वर्षभरात तोट्याच्या नावाखाली बंद होईल. इथे सव्वीस आसनांची गाडी हवी, दिवसातून जास्त फेऱ्या हव्यात, आणि बाजाराच्या दिवशी टोपल्या, कोंबड्या, मक्याचं पोतं ठेवायला मागे जागा हवी.

आता राहिला गाडी चालवणारा. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हलक्या गाडीच्या लायसनवर साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, हे कायम केलं. गरीब पोरांच्या रोजीरोटीसाठी ते योग्यच झालं. मग लायसनच्या परीक्षेत आरसीवरचं वजन वाचायला लावा. तो आकडा अमेरिकेसारखा प्रत्येक मालवाहू गाडीच्या दारावर, ठळक देवनागरीत, रंगवायला लावा. एक डबा रंग आणि अर्धा तास, एवढाच खर्च आहे. माझ्या काट्यावर येणाऱ्या गाड्यांना मी तो पदरचा रंग देऊन लिहून देईन.