तांब्याचा ठोकळा लक्षात राहिला, कॅथोड विसरला

१/ धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ ज्यांच्या नावाने उभे आहे, त्या वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून कागद जमवले. आधी अस्सल साधन, मग कथा, हा त्यांचा आग्रह. ही कसोटी मोडी दप्तरांना लावायची आणि विज्ञानाच्या इतिहासाला मात्र माफ करायची, हा दुटप्पीपणा आहे.

२/ उदाहरण मॅग्नेट्रॉनचे. दंतकथा अशी: २१ फेब्रुवारी १९४० रोजी बर्मिंगहॅममध्ये रँडल आणि बूट यांनी एका झटक्यात रडारचे हृदय घडवले. तारीख खरी आहे. ‘एका झटक्यात’ हे मात्र खोटे.

३/ अमेरिकेत आल्बर्ट हल यांनी १९२१ मध्येच मॅग्नेट्रॉनचे वर्णन केले होते. अलेक्सेयेव आणि माल्यारोव या सोव्हिएत संशोधकांनी अनेक पोकळ्यांचा मॅग्नेट्रॉन १९३० च्या दशकातच चालवून दाखवला होता.

४/ मुळात पोकळ्यांचा ठोकळा स्वतः काहीच निर्माण करत नाही. मध्यभागी तापलेला कॅथोड इलेक्ट्रॉन सोडतो. चुंबकीय क्षेत्रात ते वळतात आणि आपली ऊर्जा पोकळ्यांतील सूक्ष्मलहरींना देतात. इलेक्ट्रॉनांचा स्रोत दुबळा, तर यंत्र दुबळे.

५/ पहिल्या प्रयोगात कॅथोड टंगस्टनच्या तारेचा होता. मे १९४० मध्ये फ्रान्सचे मॉरिस पाँत यांनी ऑक्साइडचा लेप असलेल्या कॅथोडचा मॅग्नेट्रॉन वेम्बलीला, जीईसीच्या एरिक मेगॉ यांच्याकडे पोहोचवला. परत आदळणारे इलेक्ट्रॉन अशा लेपातून आणखी इलेक्ट्रॉन उसळवतात. त्यामुळे स्पंदांत प्रचंड प्रवाह मिळतो. मेगॉ यांनी हा कॅथोड स्वीकारला आणि प्रयोगशाळेतील नमुना युद्धात वापरण्याजोगा झाला.

६/ मग रँडल-बूट यांचे श्रेय काढून घ्यायचे? मुळीच नाही. त्यांची रचना निर्णायकच होती. आक्षेप त्यांच्यावर नाही; बाकीची नावे पुसणाऱ्या कथेवर आहे. जूनमध्ये पॅरिस पडले, आणि विजेत्यांच्या कथेत पराभूतांचा कॅथोड मावला नाही.

७/ जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटणचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख पाहावा. तो एकट्या भास्कराचार्यांवर थांबत नाही: पूर्वज, पुत्र लक्ष्मीधर, ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ उभारणारा नातू चंगदेव, सारी परंपरा दगडात नोंदवतो. आठशे वर्षांपूर्वी खानदेशाला जे कळले होते, ते आजच्या ‘एकमेव जनक’वाल्या पोस्टना कळू नये?