वाईन : स्वाद निराळा, औषध निराळे

गुजरातमध्ये राज्यस्थापनेपासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदी आहे. त्यामुळे वडोदऱ्यातील मराठी घरांत वाईनचा विषय निघतो तो बहुधा नाशिकच्या सहलीनंतर किंवा परदेशी स्थायिक झालेल्या मुलांकडून परतल्यावर. सोबत एक वाक्य हमखास येते : ‘वाईन म्हणजे दारू नव्हे, रेड वाईन हृदयाला चांगली.’ त्यासाठी पुष्कळदा डॉक्टरांचाच हवाला दिला जातो. म्हणून हा लेखनप्रपंच.

वाईनला स्वाद असतो, हे नाकारण्याचे कारण नाही. फ्रान्सच्या दक्षिण ऱ्होन खोऱ्यातील मिश्र लाल वाईनचे उदाहरण घेऊ. तीत प्रामुख्याने तीन जातींची द्राक्षे असतात. ग्रेनाश मार्दव व पिकल्या फळांचा गंध देते, सिरा गडद रंग आणि मिऱ्यांचा वास, तर मूर्वेद्र तुरटपणा. नाशिककडील शिराझ ही सिराच होय. तुरट टॅनिन द्रव्ये लाळेतील प्रथिनांशी संयोग पावतात व तोंड कोरडे पडते. मांसातील प्रथिने आणि स्निग्धांश हा परिणाम सौम्य करतात. म्हणून तेथे ही वाईन मेंढीच्या मांसाबरोबर घेतात. आपल्याकडील पांढरा रस्सा तिच्याशी जुळावा. तांबडा मात्र नव्हे, कारण अल्कोहोलमुळे मिरचीचा दाह वाढतो.

येथवर रसिकता ठीक. परंतु हिशेब पाहा. या वाईनमध्ये अल्कोहोल सुमारे १४ टक्के असते. १५० मिलिलिटरच्या एका पेल्यात ते सोळा ग्रॅमहून अधिक भरते. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या पेगमध्ये सुमारे दहा ग्रॅम. यकृताला द्राक्ष व धान्य यांतील भेद कळत नाही.

हृदयरक्षणाची कल्पना १९९२ मध्ये ‘लॅन्सेट’मधील ‘फ्रेंच विरोधाभासा’वरील लेखाने रूढ झाली. पुढे असे ध्यानी आले, की अशा अनेक अभ्यासांतील ‘न पिणाऱ्यां’त आजारपणामुळे मद्य सोडलेलेही होते, साहजिकच थोडे पिणारे अधिक निरोगी दिसले. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले, की अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही.

बालरोगतज्ज्ञ या नात्याने मला फ्रान्सचाच दुसरा इतिहास महत्त्वाचा वाटतो. मद्यासक्त मातापित्यांच्या १२७ मुलांमधील विकृतींचे वर्णन नांत येथील बालरोगतज्ज्ञ पॉल लेमवान यांनी १९६८ मध्ये केले. चौदा वर्षांखालील मुलांना शालेय भोजनगृहात वाईन देण्यास त्या देशाने १९५६ मध्ये बंदी घातली, आणि २००७ पासून तेथे बाटलीवर गर्भवतींसाठी इशारा सक्तीचा आहे. ज्यांनी वाईनला संस्कृतीचे स्थान दिले, त्यांनाही तिच्यावर अशी बंधने घालावी लागली.

जेथे कायदा अनुमती देतो, तेथे घ्यावे की न घ्यावे हा प्रत्येक प्रौढाचा प्रश्न. आपल्या व्यवसायबंधूंना विनंती एवढीच, की त्या पेल्याला आपल्या पदवीचे प्रशस्तिपत्र जोडू नये. रुग्णाने विचारल्यास निःसंकोच सांगावे : स्वाद आहे, औषध नाही, आणि गर्भवतीला तर एक घोटही नको.