मोठ्या तोंडाचें मुकें वाद्य

पुण्याच्या वरातींत अंगाभोवतीं पितळी नळी लपेटून, डोक्यावर भला थोरला कर्णा मिरवीत चालणारा बँडवाला आमच्या वाचकांनीं अनेकदां पाहिला असेल. तें वाद्य म्हणजे सूझाफोन. चालतां चालतां वाजवितां यावा म्हणून घडविलेला ट्यूबाच तो. पण पाहणाऱ्यांपैकीं किती जणांनीं त्याचा स्वर ऐकला आहे? पुष्कळदां तो नुसता शोभेला असतो. एका वाद्याला आम्ही छत्रचामरांच्या पंक्तीस बसविलें आहे, आणि दोष बँडवाल्यांवर टाकून मोकळे झालों आहों.

१८३५ सालीं प्रशियांत ट्यूबा जन्मास आला तो वाद्यमेळास भरदार खर्ज देण्यासाठीं. पाश्चात्त्य शौकिनांत आजही अजस्र ट्यूबाचें वेड आहे. अमेरिकेंतील यॉर्क कारखान्यानें १९३० च्या दशकांत घडविलेले दोन ट्यूबा शिकागोच्या वाद्यवृंदांत गाजले. त्यांच्या धर्तीवर हिर्सब्रुनर, यामाहा इत्यादि कारखान्यांनीं नवे घाट काढले. नळी रुंद केली म्हणजे नाद पसरतो, पण स्वराची रेखीवता बिघडते कीं काय, यावर तेथें कडाक्याचे वाद होतात. वाद आकाराचा दिसला तरी तंटा नादासाठीं आहे. आम्ही मात्र आकार घेतला आणि नाद सोडून दिला.

यावर कोणी म्हणेल कीं, रागसंगीतांत स्वरमेळाची पद्धत नाहीं; मग या वाद्यास काम तें काय? आम्ही उलट विचारतों, तंबोऱ्यास काय काम असतें? मिरजेचे कारागीर मोठा भोपळा निवडतात तो दिवाणखान्याच्या शोभेसाठीं नव्हे. षड्जाच्या आधारावांचून गाणें पोरकें होतें हें ज्या पुणेकरास कळतें, त्यास बँडांतील क्लॅरिनेटचा एकाकीपणा कां ऐकूं येऊं नये? एका श्वासांत अखंड सूर धरतां येत नाहीं, हें खरें. परंतु समेसमेला षड्ज-पंचम दिला तरी गत उभी राहील. वाद्य परकें म्हणावें, तर पेटी व फिडल तरी कोठें आपलीं होतीं?

ज्या शहरांत सोलापूरकरांच्या प्रभात बँडानें नांव कमाविलें, तेथें हें अशक्य नाहीं. अडचण पैशाची आहे, व ती आमच्या घरांत आहे. मंडपाच्या फुलांना न कुरकुरतां पैसे मोजणारा यजमान बँडाशीं मात्र घासाघीस करितो, आणि डोकीं मोजून ठराव करितो. डोकीं विकत घेणाऱ्यास डोकींच मिळतात. मग खर्ज शिकण्यांत वर्षें कोण घालवील? पुढल्या लग्नाचा ठराव करितांना ‘कोण काय वाजविणार?’ हें आधीं विचारावें, ‘माणसें किती?’ हें मागाहून. आणि ट्यूबा वाजविणाऱ्यास त्याच्या कसबाचे दाम निराळे द्यावेत. तोंवर नवा, याहून मोठा घाट मागविण्याची भाषा आम्हीं करूं नये.